सोमवारचा लिफाफा

बालाघाटच्या पोस्टात मी खिडकीवर बसतो. मलाजखंडच्या खाणीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ दर सोमवारी यायचे. आधी रुमालाने माझा काउंटर पुसायचे, मग लिफाफा ठेवायचे. पत्ता एका अरब देशातल्या तुरुंगाचा. पुण्याच्या कॉलेजात त्यांच्यासोबत शिकायला आलेल्या तिथल्याच एका वर्गमित्राने मायदेशी परतून बायकांच्या हक्कांसाठी संस्था काढली, म्हणून त्याला डांबलेलं. सात जुन्या वर्गमित्रांनी वार वाटून घेतले होते. रोज एकाचं पत्र. यांची तर सगळी परत यायची. एकदा मी चिडलोच, "काहून पाठवता? त्याले भेटतच नाही."

"त्याच्यासाठी नाही, भाऊ. जेलवाल्याले समजलं पाह्यजे, का याले विचारणारे आहेत."

गेल्या सोमवारी लिफाफे दोन होते. तुरुंग तोच, पण दुसऱ्यावर नाव नवीन.

"हे कोण?"

त्यांनी रुमाल काढला, पण काउंटर पुसला नाही.

"आमचा मंगळवारवाला. त्याच देशातला. पत्र टाकत होता म्हणून त्यालेही उचललं."

मी दोन्ही लिफाफ्यांवर शिक्का मारला.

"उद्या बी येतो," ते म्हणाले. "मंगळवार खाली नाही राह्यला पाह्यजे."