उशी घेऊन आलेलं गिऱ्हाईक

काउंटरच्या काचेवर दोन्ही हात टेकायचे, मान खाली घालायची आणि आतल्या हिऱ्यांना विचारायचं, "काय म्हणताय?" ही काकांची दुकानात शिरायची रीत. हिरे अर्थातच काही म्हणत नसत. मग ते माझ्याकडे बघून म्हणत, "घाई नाय आपल्याला."

घाई मला होती. सराफ्यातल्या ज्या दुकानात मी हिऱ्यांचा काउंटर सांभाळायचे, तिथे लॅबमध्ये तयार केलेले हिरे नुकतेच आले होते. एकच गोष्ट पाचव्यांदा समजावताना माझा आवाज चढतो, हे मालकांनी मला अनेकदा सुनावलं होतं. तुम्ही कधी काउंटरमागे उभे राहिला असाल तर माझी बाजू घ्याल. मी त्यांना काका म्हणायचे. सिल्लोडजवळच्या खेड्यातून एसटीने येत. वय सत्तरीचं, टोपी पांढरी, धोतर तिच्याहून पांढरं. बायकोसाठी हिऱ्याची अंगठी करायची होती.

गोल हिरा त्यांनी बघितलाही नाही. "गोल नको म्हणलं ना." चौकोनी दाखवला, तर टोकांवरून अंगठा फिरवून म्हणाले, "ह्यो टोचतो. लुगड्याचा धागा वढंल." लांबट, पायऱ्यापायऱ्यांचा दाखवला, तर म्हणाले, "ह्यो झोपलाय." शेवटी मी रेडियंट कट काढला. हाही चौकोनीच, पण चारी कोपरे छाटलेले आणि आत पैलूंची एवढी दाटी की जरा हलवला तरी लखलखतो. काका वाकून बघतच राहिले. मी चार रेडियंट पांढऱ्या कागदावर पालथे मांडले आणि कोपऱ्यांत पिवळट झाक कशी शोधायची ते दाखवलं. जन्मभर कापूस पारखलेला माणूस, त्यांनी चारांतला सगळ्यात स्वच्छ बरोबर उचलला.

मी अंगठीचं माप विचारलं. काका म्हणाले, "आधी ह्याची जन्मवेळ सांग."

लॅबमध्ये जन्मलाय म्हणजे वेळ कुणीतरी लिहून ठेवलीच असणार, असं त्यांचं म्हणणं. सर्टिफिकेटवर वजन होतं, रंग होता, लांबी-रुंदी होती, जन्मवेळ नव्हती. मालकांनी हसत हसत सुरतेच्या व्यापाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "सुबह की शिफ्ट में निकला होगा." एवढ्यावर पत्रिका मांडता येईना. तेव्हा काकांनी दुसरा मार्ग काढला. हिरा उशाखाली घेऊन तीनदा झोपायचं आणि काय स्वप्न पडतं ते बघायचं. आपल्याकडे नीलम असा बघतात, तुम्हालाही ठाऊक असेल. पण न विकलेला हिरा दुकानाबाहेर कोण जाऊ देणार? काकांनी मान डोलावली आणि निघून गेले. मला वाटलं, सुटले.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका उशी घेऊन आले.

कंडक्टरने त्यांना पेशंट समजून खिडकीजवळ बसवलं होतं म्हणे. ते दुकानातल्या सोफ्यावर आडवे झाले. मालकांनी हिऱ्याची डबी स्वतःच्या हाताने उशाखाली सरकवली आणि आमचा वॉचमन बंदूक घेऊन त्यांच्या डोक्याशी उभा राहिला. मंगळसूत्र बघायला आलेली मंडळी कुजबुजत घासाघीस करू लागली. त्या दिवशी घोरण्यापलीकडे काही झालं नाही.

पुढच्या दुपारी ते दचकून उठले. स्वप्नात एसटी स्टँडवर एक काळं जनावर बसलेलं दिसलं होतं.

"रेडा का म्हैस?" वॉचमनने विचारलं. रेडा असेल तर यमाचा, म्हैस असेल तर लक्ष्मी, यावर दुकानात सगळ्यांचं एकमत झालं.

काका रडवेले झाले. "नुसतं त्वांड दिसलं रे."

"मग उद्या नीट बघून घ्या," मालक म्हणाले. आणि ते चेष्टा करत नव्हते.

आता मात्र मी भडकले. "अहो काका, हा मशीनमधून आलाय! याला कसला आलाय दोष?"

ते उशी मांडीवर घेऊन बसले. म्हणाले, "लगीन झालं त्या साली हिच्या नाकात हिऱ्याची फुली घातली व्हती. गोल व्हता. आठ दिसांत पोटातलं पोर गेलं. आईनं फुली काढून इकली. तवापास्नं हिनं हिरा मागितला नाय. बाजारात आली की सराफाच्या दुकानावरनं खाली मान घालून जाती. आता पुढच्या हप्त्यात पोटाचं आपरेशन हाय तिचं. त्याच्याआधी बोटात हिरा घालायचाय मला. ह्यो जमिनीतला नाय, आधी कुणाच्या अंगावर नव्हता, म्हणून ह्याला आलो. तरी आधी माझ्यावर बघू दे, पोरी. काय व्हायचं ते मला व्हऊ दे."

मला माझ्या आवाजाची लाज वाटली. तिसऱ्या दुपारी पंखा मी स्वतः त्यांच्याकडे वळवला आणि रस्त्यावर हॉर्न वाजला की मनातल्या मनात शिव्या घातल्या.

ते हसतच जागे झाले. "म्हैस नाय, रेडा नाय. ही दिसली. भाजीत मीठ नाय म्हणलं तर भांडाया लागली. काय खणखणीत आवाज, पोरी! आजारपणात आवाजच गेलाय तिचा. कर अंगठी."

अंगठी चार दिवसांत तयार झाली. ऑपरेशन नीट पार पडल्याचं सांगायला काका पेढे घेऊन आले. त्यानंतर मला ते दिसले नाहीत.

दीड वर्षाने एक म्हातारी बाई काउंटरशी आली आणि बोटातली अंगठी पुढे केली. सैल झाली म्हणून तिला खालून दोरा गुंडाळला होता. हिरा मी लगेच ओळखला. काका कसे आहेत, असं विचारलं.

"गेले की. दिवाळी झाल्यावर. सकाळी उठलेच नाय."

मी यातलं काहीही मानत नाही. तरी माझी नजर सोफ्याकडे गेली. काय व्हायचं ते मला व्हऊ दे, असं ते या सोफ्यावर बसून म्हणाले होते आणि ते फक्त आम्हाला ठाऊक होतं, हिला नव्हतं.

"जाऊबाई म्हणती, ह्या हिऱ्यानंच खाल्लं त्येंला. इकून टाक."

"मग... परत द्यायचीय का, काकू?"

"नाय गं. ते गेल्यापास्नं जेवण जात नाय, बोटं वाळली. घट्ट करून दे."

मी मापाच्या रिंगा काढल्या. किती घट्ट करू, म्हणून विचारलं.

तिने बोट पुढे केलं. "निघूच नये इतकी."