छटाकरावांचे दोन किलो

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा काटे दुरुस्त करतो. काटे म्हणजे वजनाचे. किराणावाल्याचे, भंगारवाल्याचे, टपालाच्या खिडकीतले, दवाखान्यातले, सगळे. त्याच्या दुकानात पाऊल ठेवायचं म्हणजे आधी जागा शोधावी लागते. भिंतीला पारडी लटकलेली, टेबलावर स्प्रिंगा पसरलेल्या, फळीवर पितळी वजनं थोरल्यापासून धाकट्यापर्यंत फोटोला उभी राहिल्यासारखी. आणि या सगळ्याच्या मधे हा. अंगाने असा की खुर्चीत बसलेला असला तरी गिऱ्हाईक विचारतं, "मालक कुठे गेले?" लोकांनी त्याचं नाव छटाक ठेवलं. आमच्या घरचा जावई माणूस, म्हणून मी पुढे 'राव' लावतो.

छटाकरावांच्या प्रामाणिकपणाचं काय सांगावं! दुकानदार काट्याखाली लोहचुंबक चिकटवतात ना, तसं एकाचं यांनी बाजार भरलेला असताना उपटून काढलं आणि त्याच्याच कपाळाला लावून म्हणाले, "इथे काही चिकटतंय का बघू. लाज असली तर चिकटेल." घरातसुद्धा तोच खाक्या. दोघांनी एक फळ खायचं तर कापून दोन्ही फोडी दोन हातांवर तोलायच्या. बहीण म्हणायची, "अहो, खा की आता! तोलता तोलता सुकली ती."

तर या माणसाच्या आयुष्यात एकदाच पारडं झुकलं, आणि झुकलं ते झुकलंच.

माझ्या भाचीच्या जन्माच्या वेळची गोष्ट. मुलगी सुखरूप झाली, पण बहिणीला रक्तस्राव थांबेना. डॉक्टर धावतायत, नर्स धावतायत, आम्ही दोघं भिंतीला पाठ लावून उभे. मग रक्तपेढीतून पिशव्या आल्या. एक चढली, दुसरी चढली, आणि तिसरी अर्ध्यावर असताना धाकटीने डोळे उघडले. पहिलं वाक्य काय, तर "हा खिडकीचा पडदा कुणी इतका वाकडा लावलाय?"

मी हसलो. छटाकराव रडले. आणि रडून झाल्यावर तडक खाली रक्तपेढीच्या खिडकीशी गेले. "ज्यांनी रक्त दिलं त्यांचं नाव सांगा. पाया पडून येतो."

आतल्या बाई म्हणाल्या, "नाव सांगत नाही आम्ही. त्यांनाही ठाऊक नसतं कुणाला मिळालं ते. तुम्हाला फेडावंसंच वाटत असेल तर तुम्हीही द्या. रक्त काही कारखान्यात बनत नाही, माणसाकडूनच यावं लागतं."

झालं! त्या दिवसापासून आमचे छटाकराव रस्त्याने लोकांचे चेहरे वाचत चालायला लागले. पोस्टमन दिसला की थबकून मला विचारायचे, "दादा, हा असेल का हो?" ब्रेडवाला दिसला की, "हा असणार. चेहरा दात्याचा आहे." एकदा बसमध्ये एका बाईंनी कंडक्टरला असं काही झापलं, की छटाकराव माझ्या कानाला लागले. "दादा, शंभर टक्के याच बाई!"

"कशावरून?"

"धाकटीचा स्वभाव बघा की. लग्न झालं तेव्हा कशी गरीब गाय होती. त्या पिशव्या चढल्या आणि त्या दिवसापासून जीभ अशी चालते! हे कुणाचं तरी रक्त बोलतंय."

ती गरीब गाय लहानपणी माझ्याच घरात बांधलेली होती. तिची शिंगं मला ठाऊक. पण जावयाची समजूत कशाला मोडा?

मुलगी रांगायला लागली तेव्हा शाळेच्या सभागृहात रक्तदान शिबिर लागलं. छटाकराव नवा शर्ट घालून गेले. पहिलंच टेबल वजनाचं. काट्यावर उभे राहिले आणि काटा पंचेचाळीसच्या दोन किलो अलीकडेच थांबला. आता बघा, ज्याने गावाचे काटे तपासले, त्याने स्वतःला कधी त्यावर ठेवलंच नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

"पंचेचाळीसच्या खाली घेत नाही, काका," टेबलावरची नर्स म्हणाली.

"काटा चुकला असेल."

"गेल्याच आठवड्यात दुरुस्त करून आणलाय."

"कुणाकडून?" असं विचारायला तोंड उघडलं आणि छटाकरावांनी तसंच मिटलं. काट्याच्या बाजूला त्यांचंच सील होतं.

मग सुरू झाली खाण्याची मोहीम. धाकटीने कंबर कसली. सकाळी दूध, दुपारी अंडी, संध्याकाळी खजूर, मधल्या वेळेला जे हाताला लागेल ते. एकट्याला खायला लाज वाटते म्हणून मला बोलवायचे. परिणाम असा झाला की माझा पट्टा दोन भोकं पुढे गेला, भाची गुटगुटीत झाली, धाकटीसुद्धा सुधारली, आणि छटाकराव जसेच्या तसे. खाल्लेलं अन्न त्या देहात कुठे जायचं देव जाणे!

"आम्ही घेतलंय, दादा," ते एकदा अगदी खालच्या आवाजात म्हणाले. "घेतलंय आणि दिलेलं नाही. दुकानात पारड्याकडे बघवत नाही मला." तेव्हा मला कळलं की हे खूळ नाही, खरंच लागलंय माणसाला.

भाची शाळेत जायला लागल्यावर पुन्हा तिथेच शिबिर आलं. या खेपेला मीही द्यायचं ठरवलं होतं. छटाकराव आले ते जाडजूड कोट घालून. बाहेर ऊन मी म्हणतंय!

"थंडी वाजते का?"

"जरा कसर वाटते."

"कसर असेल तर रक्त घेत नाहीत. ताप, सर्दी, औषध चालू, काही चालत नाही."

"तशी कसर नाही हो! चला."

चालण्यात एरवीचा वारा नव्हता. एक-एक पाऊल जपून पडत होतं. काट्यावर चढले. पंचेचाळीस! नर्सने मान डोलावली आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. पुढच्या टेबलावर बोटाला टोचून थेंब घेतला, हिमोग्लोबिन उत्तम. रक्तदाब बरोबर. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, नीट जेवून आलात? रात्री झोप झाली? काही आजार? छटाकराव प्रत्येक प्रश्नाला नवरदेवासारखी मान हलवत होते.

खाटेवर मात्र अडलं. सिस्टर म्हणाल्या, "कोट काढा, काका. बाही वर करायची आहे."

"वरूनच होणार नाही का?"

"कोटातून सुई घालू?"

नाइलाजाने कोट निघाला. छटाकरावांनी तो माझ्याकडे दिला आणि डोळ्यांनी काहीतरी खुणावलं. मला वाटलं, नीट धर म्हणतायत. कोटच तो, मी दोन बोटांत धरायला गेलो. तो बोटांतून असा सुटला की खण्णकन आवाज झाला, आणि दोन्ही खिशांतून एक-एक किलोची पितळी वजनं निघून घरंगळत गेली. एक खाटेखाली, आणि दुसरं सरळ डॉक्टरीणबाईंच्या चपलेपाशी.

मग एकाने विचारलं, "हे दान द्यायचंय का विकायचंय?" आणि हशा उसळला.

पुढे कधीतरी मी त्यांना विचारलं, दोन खिशांत का? एकाच खिशात दोन किलोचं टाकायचं होतं! तर म्हणाले, "एका बाजूला झुकून चालणं शोभतं का मला?" आणि दोनच किलो का, थोडं जास्तच घ्यायचं? "गरजेपेक्षा जास्त खोटं कशाला?" याला म्हणतात तत्त्वाचा माणूस.

डॉक्टरीणबाईंनी वजन उचललं. रागावल्या नाहीत, पण आवाज कडक झाला. "काका, हा नियम आमच्यासाठी नाही, तुमच्यासाठी आहे. एवढ्याशा अंगातून पिशवीभर रक्त काढलं तर तुम्ही दारापर्यंतही पोचणार नाही. मग आम्ही तुम्हालाच चढवायला पिशवी शोधायची का?"

छटाकराव उठून बसले. "घेतलंय हो बाई आम्ही. तीन पिशव्या. परत कशी करायची?"

तेवढ्यात दारातून आवाज आला, "कोट कुठे गेला म्हणून घरभर शोधून आले मी!" धाकटी होती. तिने कोट बघितला, वजनं बघितली, नवऱ्याचा चेहरा बघितला. "जन्मभर दुसऱ्यांच्या काट्याखाली लोहचुंबक शोधलं तुम्ही, आणि आता हे?"

"तुझ्यासाठीच ना गं."

"रक्त चढलं कुणाला?"

"तुला."

"मग देणारी मी, का तुम्ही? इतकी वर्षं मला कुणी विचारलंत?"

खरंच की! आम्हा दोघांच्या डोक्यात ते आलंच नव्हतं. आमच्या लेखी ती अजून त्या खाटेवरच निजलेली. धाकटीने डॉक्टरीणबाईंना विचारलं, "मला चढलं होतं, बरीच वर्षं झाली. मी देऊ शकते?"

"तब्येत बरी असली तर का नाही? तपासू या की. आणि काका, तुम्हाला शिक्षा. तुम्ही इथे काट्यापाशी उभे राहा, आणि प्रत्येकाला खिसे रिकामे करायला लावा."

चोराच्या हाती किल्ल्या म्हणतात त्या अशा. पहिलीच आली ती धाकटी. छटाकरावांनी आकडा बघितला आणि सवयीने मोठ्याने वाचायला आ वासला.

"वाचाल तर घरी या मग," धाकटी म्हणाली.

त्यांनी तो डॉक्टरीणबाईंच्या कानात सांगितला.

बाकी सगळं ठीक निघालं. एका खाटेवर ती, शेजारच्या खाटेवर मी. सुई लागते तेव्हा मुंगी चावते तेवढंच. हातात मऊ चेंडू देतात, तो दाबत राहायचा, वर पंख्याकडे बघायचं. गप्पा सुरू होतात न होतात तोच झालं म्हणतात. मग जरा पडून राहायचं, खूप पाणी प्यायचं, त्या दिवशी जड उचलायचं नाही. शरीर पुन्हा भरून काढतं, आणि तीन-चार महिन्यांनी परत या म्हणतात. एवढ्याशा गोष्टीला माणसं जन्मभर घाबरतात!

छटाकराव काटा सोडून बायकोच्या उशाशी येऊन उभे होते. पिशवी भरताना बघत होते आणि त्यांचा चेहरा हळूहळू सैल होत होता. माझ्या कानाशी वाकले. "दादा, मला वाटतं आता तिचा स्वभावही निवळेल. ज्याचं होतं ते बाहेर गेलं."

धाकटी उठून बसली. चहाचा एक घोट घेतला आणि वाढणाऱ्याला म्हणाली, "याला चहा म्हणतात? रक्त देणाऱ्याला गरम पाणी देता? आणि तो पडदा कुणी लावलाय इतका वाकडा?"

छटाकरावांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. आमच्या घरचंच ते, मूळचं.

सिस्टरने धाकटीच्या पिशवीवर चिठ्ठी चिकटवली आणि ती थंड पेटीत ठेवायला निघाली. छटाकराव हात जोडून तिच्यामागे दारापर्यंत गेले, बराच वेळ बघत राहिले आणि वळून म्हणाले,

"ज्याला कुणाला ही मिळेल तो वाचेल, दादा. पण त्याच्या घरच्यांचं काही खरं नाही."