बाबांच्या मोटरीतला कार्बन

शहरातल्या महाल भागातल्या आमच्या गल्लीत माझ्या तोंडाला सगळे घाबरतात. दारासमोर आडवी गाडी लावून कुणी गेलं, तर परत आल्यावर मी त्याची अशी हजेरी घेते की पुन्हा तो तिथे थांबत नाही. पण बाबांना एक वाक्य सांगायचं होतं, तर माझी दातखीळ बसली. वाक्य एवढंच होतं, की बाबा, तुमच्या बोटीची मोटर मी विकतेय.

बाबा गावी, खाप्याला एकटे राहायचे. कन्हान नदीच्या डोहात जाळी टाकायची, पलीकडच्या वावरात जाणाऱ्या बायांना बोटीने सोडायचं, हेच त्यांचं आयुष्य. आई गेल्यावर तर ते त्या मोटरीशीच बोलायला लागले. मग एकदा बोटीतच त्यांना चक्कर आली आणि ते पाण्यात पडले. सोबतच्या बायांनी कॉलर धरून वर ओढलं, म्हणून वाचले. डॉक्टर म्हणाले, यापुढे पाण्यावर जायचं नाही. मी म्हटलं, चला माझ्याकडे. "हाव, येतो ना," म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नदीवर. शेवटी मीच ठरवलं. मोटरच राहिली नाही, तर येतील गुपचूप.

मौद्याकडचा एक मासेवाला घ्यायला तयार झाला. बाबा डोहात असताना तो काठावरून मोटर पाहून गेला होता. फोनवर म्हणाला, "मोटर चांगली आहे ताई, पण धूर लई सोडते. साफ करून द्या, मंग पाहू."

आता ही मोटर बाबांना टाळून साफ करायची म्हणजे काय सोपं होतं? ते तिला दुसऱ्याचा हात लागू द्यायचे नाहीत. मी खाप्याला गेले आणि म्हटलं, "बाबा, मोटर धूर सोडून राहिली म्हणे. खोलायची का?" त्यांचा चेहरा असा खुलला की मला वाटलं, धरणी दुभंगली तर बरं.

"तुले आठवण आली वं तिची! मले वाटलं, महालात जाऊन समदं विसरली."

अंगणात एका जाड फळीला मोटर कसली. प्लग काढला, तर तो ओला आणि काळाकुट्ट. मी भडकले. पेट्रोलमध्ये ऑइल किती घालायचं ते ठरलेलं असतं, पण बाबा वरून आणखी एक धार सोडणारच. लाड म्हणून! तेच जळून आत बसतं.

"एवढं ऑइल काहून टाकता, बाबा?"

"बिना तर्रीचे पोहे तू खाते का? मंग तिनं काहून कोरडं खावं?"

कपाळ माझं! हसू आलं आणि त्याच क्षणी तो मासेवाला आठवला.

सिलिंडरवरचं हेड उघडलं. पिस्टनच्या डोक्यावर कार्बनचा थर होता, जळक्या तव्याच्या बुडासारखा. बाबांनी पिस्टन वर आणला आणि त्याच्या कडेने बोटाने ग्रीस भरलं, म्हणजे खरडलेले कण फटीत न जाता त्यातच अडकतात. मग बांबूची कमची तासली. लोखंडी पेचकसाने खरडलं तर ओरखडे उठतात. मी मोटर घट्ट धरून ठेवली आणि ते खरडत राहिले. मध्येच थांबून फुंकर मारायचे, पुन्हा खरडायचे. डिझेलचा बोळा फिरवला की खालून पांढरा धातू दिसायचा, आणि बाबा माझ्याकडे असं पाहायचे जणू मला बक्षीस मिळालंय.

"दिवाळीले पोराईले घेऊन ये. डोहातून फिरवून आणतो."

मला ते सहन होईना. "हळू घासा ना! फोडून टाकता का आता?" मी खेकसले.

"बरं बाप्पा, हळू घासतो."

राग माझा माझ्यावर होता आणि बोलणी बाबा खात होते. इतकं नालायकासारखं मी याआधी कधी वागले नव्हते. जेवताना सांगू म्हटलं. जेवायला बसलो तर ते स्वतःच्या ताटातली भाकर मोडून माझ्या ताटात ठेवायला लागले. मी मान खाली घालून जेवले.

दुपारी नवं गॅस्केट लावून हेड कसलं, पाण्याच्या ड्रममध्ये मोटर चालवून पाहिली. आधी थोडा धूर आला, मग आवाज मोकळा झाला. बाबांनी टाळी वाजवली, खरंच वाजवली. मासेवाल्याला मी संध्याकाळी घाटावर बोलावलं होतं. तोवर सांगून होईल, हा माझा मूर्ख हिशेब.

तो आला तेव्हा बाबा मोटर पुन्हा बसवून बोटीतच होते.

"कुठले गा तुम्ही?"

"मौद्याकडला. मोटर पाहाले आलो."

बाबांना वाटलं, याला अशीच एखादी घ्यायची असेल. "मंग या ना, बसा! पाहा कशी चालते." त्याला घेऊन त्यांनी डोहाला फेरी मारली. परत येऊन मोटर मुद्दाम बंद केली आणि दोरी आधी कशी हळू ओढायची, मग कसा झटका द्यायचा, हेही त्याच्या हाताला धरून शिकवलं. मी काठावर उभी. एक हाक मारली असती तरी चाललं असतं.

मासेवाला उतरला आणि माझ्याकडे आला. "एकदम पक्कं, ताई. उद्या गाडी आणतो, मोटर काढून ठेवा."

"कोनती मोटर?" बाबांनी बोटीतून विचारलं.

"तुमचीच, बाबा. मी विकली. तुम्ही पाण्यात पडले ना, म्हणून..."

मासेवाला दूर जाऊन उभा राहिला. मला वाटलं, बाबा शिव्या देतील. द्याव्यात असंच वाटत होतं. ते मात्र काळ्या पडलेल्या हातांनी मोटरीच्या झाकणावरचं पाणी पुसत बसले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "इकाचीच होती तं मले काहून घासाले लावलं वं?"