अप्पांनी निवडलेलं गाईड

"बंद कर पुस्तक! आता सांग!" बसवणप्पा गल्ल्यावरून असे ओरडले की बाहेर औशाची एसटी ब्रेक लावून उभी राहिली.

मी नुसतं गाईड मागितलं होतं. मुखेडहून लातुरात वकील व्हायला आलेला मी वारसा कायद्यात दोनदा आपटलो होतो. तिसऱ्यांदा आपटलो की वडील कापडदुकानात बसवणार, हे ठरलेलं. म्हणून मला सगळ्यात बारीक, हमखास प्रश्नांचं गाईड हवं होतं. पण अप्पांच्या पुस्तकांच्या दुकानात गिऱ्हाइकाने गाईड निवडायची पद्धत नव्हती. अप्पा उभ्याउभ्या एक पान मोठ्याने वाचायला लावत, पुस्तक मिटवत आणि वाचलेलं सांगायला लावत. सांगता आलं तर ते गाईड तुमचं. नाही तर वरच्या फळीवरचं दुसरं.

"गाईड म्हंजे चप्पल हाय. दोस्ताची घालून चालता येत न्हाई."

तीन गाईडांत मी गारद झालो. अडलं की पदरचं घालायचो. अप्पा गरजायचे, "आपल्या मनाचं सांगू नको! छापलंय ते सांग!" चौथं उशीएवढं जाड; ते मात्र घडाघडा आलं. मागच्या पन्नास पोरांनी टाळ्या वाजवल्या. बरं, पाच असतील. त्याच गाईडावर मी पुढे वकील झालो.

आज त्या रस्त्यावर क्लासच्या पाट्यांनी आभाळ झाकलंय. तेव्हा पाट्या नुकत्या लागत होत्या, आणि अप्पा क्लासच्या मास्तरांनाही वाचायला लावत. एक मास्तर अडखळले आणि मागच्या दाराने पळाले. दुकानाला मागचं दार नव्हतं.

मग भूकंप झाला. अप्पांची लेक महादेवी औशापलीकडे दिली होती. ती आणि तिची तीन वर्षांची बारकी एकाच भिंतीखाली सापडून गेल्या.

पंधरा दिवसांनी दुकान उघडलं. परीक्षा पुढे गेली होती, म्हणून मीही गेलो. इथून पुढचं मला वाढवून सांगता येत नाही. अप्पांनी माझ्याच जाड गाईडाची दुसरी प्रत काढली. एका पानाचा कोपरा दुमडलेला होता. कोपरा दुमडणाऱ्या पोराला ते दुकानाबाहेर काढत.

"वाच."

मी वाचलं. एकाच आपत्तीत दोघं दगावली आणि आधी कोण गेलं ते कळत नसेल, तर वारशासाठी धाकटं माणूस थोरल्याच्या मागे जगलं असं गृहीत धरायचं.

"बंद कर."

मी मिटलं. 'सांग' काही आलं नाही.

"म्हंजे बारकी मागं राहिली," अप्पा म्हणाले. "आई गेल्यावर. तिथं, एकटी."

"न्हाई अप्पा, ते नुसतं वाटणीपुरतं हाय. दोघी एकदमच गेल्या असतील. झोपेतच."

अप्पांनी पुस्तक माझ्या हातातून घेतलं, कोपरा सरळ केला आणि ते फळीवर ठेवलं.

"आपल्या मनाचं सांगू नको," ते म्हणाले.