अप्पांचं स्टेटस

वाटूरच्या शाळेतून सायकलीवर गावात आले तर आमचे अप्पा पारावर पेढे वाटून राह्यले होते. माणसं पेढा घेत होती आन् तोंड फिरवून हसत होती. मला काही कळंना.

"ये माय, ये," अप्पा म्हणाले. "तुझा फोटो आलाय मोबाईलवर. मी स्टेटसला ठेवलाय."

मी नववीत होते. सहामाहीत वर्गात पहिली आल्ते. घरात मोबाईल एकच, अप्पांचा. वर्गाचा ग्रुप त्याच्यावरच. अप्पांना अक्षरओळख न्हाई, पण स्टेटस ठेवायचं मामेभावानं शिकवल्तं. आमच्याकडं कुणाचा वाढदिवस असू द्या, कुणी निवडून येऊ द्या, गुलाबाची चौकट, सोनेरी अक्षरं, मधी फोटो, असं बॅनर करून फिरवायची रीतच आहे. अप्पांना वाटलं, आपल्याबी लेकीचं आलं.

मी मोबाईल हातात घेतला. गुलाब होते. सोनेरी अक्षरं होती. मधी गॅदरिंगमधला माझा फोटो. वाचलं आन् मोबाईल पालथा केला.

पारावर मालक बसल्ते. अप्पा त्यांच्याच मोसंबीच्या बागेत कामाला. त्यांचा पोरगा माझ्याच वर्गात. त्यानंच हे ग्रुपवर टाकल्तं. मालकांनी पेढा नुसता हातात धरून ठेवल्ता.

"काय रे किसन्या, लिव्हलंय काय ते तर ऐकू दे," मालक अप्पांना म्हणाले. "पोरगी शिकलेली हाय ना? वाच म्हण की मोठ्यानं."

अप्पा माझ्याकडं वळले. केवढं हसू होतं तोंडावर! "वाच माय."

खोटं वाचता आलं असतं. अभिनंदन लिव्हलंय म्हणून मोकळी झाले असते. पण पारावरच्या सगळ्यांना माहीत होतं, एकट्या अप्पांनाच न्हाई. माझ्या बापाचं असं हसं झालेलं मला बघवंना. वाचलं.

"सवलतीची राणी. पेपर कोरा, नंबर पहिला."

आम्ही बौद्ध. आमच्यासाठी सवलत हा शब्द शिवीसारखा वापरतात, हे अप्पांनाबी ठाऊक होतं. सगळा पार खदखदला. अप्पांचं हसू मात्र एकदम गेलं न्हाई. हळूहळू गेलं. तेच मला आजबी सहन होत न्हाई.

घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "हे कसं पुसायचं?" जालन्याच्या आत्यानं त्या स्टेटसला लाल बदाम पाठवल्ते. तिलाबी वाचता येत न्हाई. मी स्टेटस पुसलं. फोटो ठेवला.

दुसऱ्या दिवशी मोबाईल नेऊन वर्गाच्या सरांना दाखवला. ग्रुप त्यांचाच.

"अगं, मस्करी असती पोरांची," सर म्हणाले. "तुला त्रास नको म्हणून तुझा नंबर ग्रुपमधून काढतो."

आन् काढला. माझा! टाकणारा आत, मी बाहेर. गृहपाठ ग्रुपवरच यायचा, तोबी बंद. मंग गृहपाठ केला न्हाई म्हणून वर्गात उभं केलं मला. उभ्या उभ्या माझ्या डोक्यात लख्ख झालं. ह्यांना मला वाचवायचं न्हाई, माझी कटकट मिटवायचीय.

"बस खाली," सर म्हणाले.

"न्हाई सर. मला ग्रुपमध्ये परत घ्या. आन् ज्यानं टाकलं त्यानं तिथंच माफी लिहावी. तवर बसणार न्हाई."

शाळा सुटेस्तोवर बसले न्हाई. दुसऱ्या दिवशीबी न्हाई. शेवटी नंबर परत घेतला. माफी आली न्हाई. मालकांनी अप्पांना बागेतून काढलं. अप्पा मला एका शब्दानं बोलले न्हाईत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

त्यांनी पुन्हा कधी स्टेटस ठेवलं न्हाई. बारावीला चांगले मार्क पडले तेव्हा वस्तीतल्या पोरांनी माझं खरंखुरं अभिनंदनाचं बॅनर केलं. अप्पांनी मोबाईल लांब धरला आन् भीत भीत विचारलं, "काय लिव्हलंय ह्याच्यात?" लई रडले मी त्या दिवशी.

आता मंठ्याला शिकवण्या घेते. एखादं लेकरू सगळे गेल्यावर मागं रेंगाळतं, मोबाईल उघडून दाखवतं आन् खाली बघतं. मी म्हणते, पुसू नको. ग्रुप सोडू नको. लाज तुझी न्हाई.

मंग ज्यानं पाठवलं त्याच्या घरी जाते. लेकराला नेत न्हाई, एकटीच जाते. आईबापासमोर मोबाईल धरते. पोरं आहेत मॅडम, जाऊ द्या, म्हणतात. चहा घ्या म्हणतात. मी चहा घेत न्हाई. दारातून हलत न्हाई.

"वाचा," म्हणते. "मोठ्यानं वाचा."