वाळवंटातलं खापर

माझी पोलीस खात्यातली सगळी नोकरी सातारा जिल्ह्यात झाली. पण डोक्यातून जात नाही ती केस निवृत्तीनंतरची, आणि तीही अमेरिकेतली.

मुलगा रेडमंडला सॉफ्टवेअरमध्ये, व्हिसावर. सुट्टीत त्याने आम्हाला गाडीने न्यू मेक्सिकोच्या वाळवंटातल्या प्राचीन दगडी वस्त्या दाखवायला नेलं. सोबत सून, नात आणि विहीणबाई. विहीणबाई नातीच्या जन्मापासून त्यांच्याकडेच राहतात. नात त्यांना नुसतं 'आजी' म्हणते आणि आमच्या हिला 'साताऱ्याची आजी'. ते ऐकलं की हिचा चेहरा उतरतो.

एक पडकं देवस्थान पाहून गाडी हायवेला लागली, तशी नात म्हणाली, "आजोबा, दगडावर तो काळ्या डिझाइनचा पीस होता ना, आपण निघताना तो नव्हता. दुसरं कोणीच नव्हतं तिथे. इट्स स्टीलिंग!"

मुलगा घाबरला. "बाबा, इथे खापराचा तुकडा उचलणंही क्राइम आहे. माझ्या व्हिसाचं काय होईल?"

खबर पक्की होती. माझा संशय विहीणबाईंवर. खरं सांगतो, त्याच सापडाव्यात असं मनापासून वाटत होतं. पेट्रोल पंपावर थांबल्यावर विचारलं, "आठवण म्हणून काही घेतलंत का हो?"

त्यांनी अख्खी पर्स बॉनेटवर उपडी केली. "बघा बाई! मला काय करायचंय खापराचं?" गोळ्या, रुमाल, चिक्की. बस.

तेवढ्यात आमची ही बाथरूमला निघाली, पर्स घेऊन. लग्न झाल्यापासून अशा वेळी ती पर्स माझ्या हातात कोंबते.

"अगं, पर्स दे इकडे."

रुमालात खापर होतं. त्यावर कुंकवाचं बोट.

"देवाच्या जागेतलं म्हणून उचललं," ती तावातावाने म्हणाली. "पोराच्या देव्हाऱ्यात सगळे देव विहीणबाईंनी मांडलेले. माझ्या हातचं एक काही असू नये तिथे?"

मी खापर परत रुमालात गुंडाळलं.

गाडी वळवली. हिला इंग्रजी येत नाही, मुलगा व्हिसाच्या धास्तीने पुढे होईना, म्हणून विहीणबाईच तिथल्या रेंजरशी, म्हणजे राखणदाराशी, बोलल्या. रेंजरने तुकडा ठेवून घेतला, तक्रार केली नाही, उलट शेकहँड करून विहीणबाईंचे आभार मानले. नात धावत जाऊन त्यांनाच बिलगली.

गाडीत बसताना ही पुटपुटली, "बघितलंत? चोरी मी केली, शेकहँड तिला."

नोकरीत मी कितीतरी मुद्देमाल मूळ मालकांना परत मिळवून दिला. हिचं जे गेलंय ते कुठल्या कलमाखाली मागायचं, ते मला अजून समजलेलं नाही.