उघडं शे का?

“भास्करभाई ऑफ थई गया,” पर्वत पाटिया भागातल्या कापड गोदामाचे शेठ फोनवर म्हणाले आणि त्याच दमात त्यांनी विचारलं, “राउटरनो पासवर्ड तमारी पासे छे?” माणूस गेला की इकडे असंही म्हणतात, हे सुरतेत वाढलेल्या मला ठाऊक आहे. तरी क्षणभर वाटलं, राउटरच बंद पडलाय... भास्कर गेला होता आणि शेठना पासवर्ड हवा होता. दीड महिना झाला, राग उतरलेला नाही. उतरावा असं वाटतही नाही.

भास्कर आणि मी भेस्तानच्या एकाच गल्लीत वाढलो. दोघांचेही वडील खानदेशातून लूमवर कामाला आलेले. मी शिक्षक होऊन बारडोलीला गेलो, तो गोदामांत कॅमेरे बसवू लागला. शेठ लोकांना घरी बसून गोदाम बघायचं असतं. त्यासाठी राउटरमध्ये एक पोर्ट, म्हणजे नंबर असलेलं छोटंसं दार, उघडं ठेवावं लागतं. ते गोदामातल्याच नेटवरून तपासलं तर फसगत होते, बाहेरच्या माणसानेच बघायला हवं, असं तो म्हणे. त्याचा बाहेरचा माणूस मी. मधल्या सुट्टीत हमखास फोन यायचा, “भाऊ, देख बरं, उघडं शे का?” त्याने दिलेला पत्ता मी मोबाइलवर टाकायचो आणि कॅमेऱ्याचं पान आलं की “शे”, म्हणजे ‘आहे’, म्हणायचो. कधी मुद्दाम उशीर लावला की अहिराणीत अस्सल शिव्या ऐकायला मिळत.

अँजिओप्लास्टीनंतर डॉक्टरांनी त्याला जिने चढायला मनाई केली होती. त्यातच पर्वत पाटियाच्या या शेठच्या फोनवर गोदाम दिसेना. भास्करने घरूनच सगळं तपासलं, मला विचारलं, मी “शे” म्हटलं. दोष शेठच्या मोबाइलमध्ये होता. पण ते ऐकतील तर ना! “घेर बेठा शुं खबर पडे? आवीने जुओ.” ज्या माणसाने यांना घरबसल्या गोदाम दाखवलं, त्यालाच म्हणतात, घरी बसून काय कळतं, येऊन बघा! भास्कर मला म्हणाला, “भाऊ, लगेच जाई येस.” मी पेपर तपासत होतो, त्याच्या ‘जाऊन येतो’ला नुसतं “बरं” म्हणालो. त्या एका शब्दासाठी मी स्वतःलाही सोडलेलं नाही. गोदामाची लिफ्ट मालाने अडवलेली होती. तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात तो बसला, तो उठलाच नाही.

बाराव्याला शेठ हार घेऊन आले. मोबाइलमधला नेटचा पॅक संपला होता, हे त्यांनीच सांगितलं. “नानी भूल,” छोटीशी चूक म्हणाले, तेही भास्करच्या बायकोसमोर, सुनंदावहिनींसमोर! मी वाट्टेल ते बोललो, शेवटी लोकांनी धरून बाहेर नेलं. त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

अजूनही मधल्या सुट्टीत माझा हात मोबाइलकडे जातो. तोच पत्ता टाकतो, पान लगेच येतं. आजही आलं... शे, भास्कर. उघडं शे. तू जाऊ नको.